सॉर्टरची खंडेनवमी

मी अंधश्रद्ध नाही! हे आधीच ठणकावून सांगितलेलं बरं, कारण पुढची हकिगत वाचून तुमचा भलताच समज व्हायचा. मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी थांबलो नाही. परीक्षेला जाताना आई हातावर दही घालायची, ते मी फक्त दही आवडतं म्हणून चाटायचो. आपला खाक्या पहिल्यापासून शास्त्रीय! पुरावा दाखवा, मग बोला.

दोष म्हणाल तर एकच. मला तंद्री लागते. उघड्या डोळ्यांनी, उभ्या उभ्या, तोंडात घास असतानासुद्धा. समोरचा माणूस बोलत राहतो, मी मान हलवत राहतो आणि मनाने केव्हाच सांगलीला पोचलेलो असतो. तिथे आमच्या शाळेच्या हॉलमध्ये माझा सत्कार चाललेला असतो. कशाबद्दल, ते त्या वेळी नक्की ठरलेलं नसायचं. सत्कार मात्र पक्का!

तर ही गोष्ट सन चौऱ्याऐंशीची, टेक्सासातली. मी तिथल्या एका विद्यापीठात उंदरांच्या पेशींवर संशोधन करत होतो. माझं नाव त्र्यंबक. अमेरिकेत उतरताच विमानतळावर त्यातलं 'त्र्यं' गळालं, मग 'बक'ही टिकेना. उरला तो टिम. माझे गाइड डॉ. हॉलिस्टर हे पायात काउबॉयचे बूट घालणारे उंच गृहस्थ. बोलणं इतकं संथ, की त्यांनी वाक्य सुरू करावं आणि आपण चहा करून यावं!

एक दिवस त्यांनी असंच एक वाक्य सुरू केलं. "टिम, वॉशिंग्टनहून डॉ. व्हिटकम येताहेत. हा प्रोजेक्ट चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्या ठरवणार. तुला त्या पेशी सापडल्या, तर तू इथे राहून पीएच.डी. करशील. नाही सापडल्या, तर..."

मी बराच वेळ वाट पाहिली. वाक्य तेवढंच होतं.

घरी येऊन शरयूला सांगितलं. शरयू म्हणजे माझी बायको. तिला इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि तिने खिडकीत कॉफीच्या रिकाम्या डब्यात कोथिंबीर पेरली होती.

"म्हणजे आपण राहायचं की जायचं?" तिने विचारलं.

"ते पेशींवर आहे."

"एकदाचं काय ते कळू दे बाई. कोथिंबीर काय, महिन्याभरात खाऊन मोकळं होता येतं. मला कढीपत्ता लावायचाय. तो लावायचा म्हणजे जागा आपली हवी." आणि मग जरा थांबून, कोथिंबिरीकडे बघतच म्हणाली, "मला इथे आवडायला लागलंय हो."

त्याआधी पेशी न सापडण्याची मला फक्त काळजी होती, आता भीती वाटायला लागली.

आता त्या पेशींबद्दल थोडंसं सांगतो, घाबरू नका! आम्ही काही उंदरांना एक औषध टोचत होतो. त्या औषधाने उंदरांच्या अंगात एका विशिष्ट जातीच्या पेशी तयार होतात, असा हॉलिस्टरसाहेबांचा सिद्धान्त. त्या पेशींना एक हिरवा चमकणारा रंग चिकटतो. म्हणून दोन नळ्या घ्यायच्या: एकीत औषधवाल्या उंदराच्या पेशी, दुसरीत बिनऔषधी उंदराच्या. दोन्हींत रंग घालायचा, जादा रंग धुऊन टाकायचा आणि बघायचं. पहिलीतल्या चमकल्या, दुसरीतल्या नाही चमकल्या, की जिंकलो!

बघायचं कशात? तर सॉर्टरमध्ये! सगळ्या विद्यापीठाला मिळून हे एकच यंत्र, तळघरातल्या एका सामायिक प्रयोगशाळेत. आई ताटात तांदूळ घेऊन खडे निवडते ना, तेच काम हे यंत्र पेशींचं करतं. दोऱ्यासारखी पाण्याची धार, तीत एकामागे एक निघालेल्या पेशी, समोरून लेझरचा निळा किरण. चमकली ती उजवीकडे, न चमकली ती डावीकडे. हे सगळं काळोख करून चालायचं. त्या निळसर काळोखात ते इवलाले थेंब टपटपताना पाहिले, की माझ्यासारख्याचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा!

या यंत्राची मालकीण म्हणजे मार्ज. मालकीण म्हणजे नेमलेली तंत्रज्ञ, पण तिच्यापुढे डीनसुद्धा चवड्यांवर चालायचे. दार आपटायचं नाही, कारण लेझर हलतो. धावायचं नाही, लेझर हलतो. जोरात शिंकायचं नाही, मार्ज हलते! तिच्याकडून वेळ मिळवणं म्हणजे मुलीसाठी स्थळ मिळवण्यासारखं. हेलपाटे घालघालून मला एकदाची तारीख मिळाली. घरी येऊन शरयूला सांगितली, तर तिने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, खंडेनवमी आहे त्या दिवशी!"

"मग?"

"मग काय? हत्यारांची पूजा. तुमचं हत्यार कोणतं?"

"सॉर्टर," मी म्हणालो. वास्तविक तिथेच जीभ चावायला हवी होती.

नवमीच्या सकाळी तिने माझ्या कोटाच्या खिशात स्टीलची कोयरी घातली. एका वाटीत हळद, दुसरीत कुंकू. मी म्हणालो, "शरयू, मी शास्त्रज्ञ आहे!" ती म्हणाली, "माझे बाबा इंजिनियर आहेत. लेथला हळदकुंकू लावल्याशिवाय नवमीला पाणी पीत नाहीत."

आणि खरं सांगू? मलाही आतून वाटत होतंच. आमच्याकडे नवमीला स्कूटरला, शिलाई मशीनला, खलबत्त्यालासुद्धा बोट लागायचं. मग या लाखमोलाच्या यंत्राच्या कपाळी काहीच नको? मार्ज कॉफी आणायला गेली तशी मी कोयरी काढली. यंत्राला हळदकुंकू वाहिलं. लेझरला वाहिलं. औषधवाल्या नळीच्या बुचाला अंगठ्याने हळद लावली, चांगली भरघोस. दुसऱ्या नळीकडे हात गेला आणि माझ्यातला शास्त्रज्ञ गरजला: थांब! ही कंट्रोल, तुलनेसाठीची बिनऔषधी नळी! कंट्रोलला काहीही द्यायचं नाही, हीच तर तिची नोकरी!

म्हणून तिला वगळली. बघा, पूजेतसुद्धा मी किती काटेकोर!

मग त्याच अंगठ्याने औषधवाल्या नळीचं बूच उघडलं आणि नळी यंत्राला लावली. मार्ज आली, काळोख झाला, धार सुरू झाली. आणि पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचा ढग उगवला, वर चढला, पसरला. मार्जने कंट्रोल लावली, तर ढग गायब! पुन्हा औषधवाली, पुन्हा ढग!

"टिम," मार्ज कुजबुजली, "असलं सुंदर चित्र मी या यंत्रावर कधी पाहिलं नाही."

मी ऐकत नव्हतो. मी सांगलीत होतो. हेडमास्तर माझ्या खांद्यावर शाल घालत होते, पहिल्या रांगेत शरयू, तिच्या शेजारी तिच्याएवढं कढीपत्त्याचं झाड, आणि दोघंही टाळ्या वाजवत होते.

हॉलिस्टरसाहेबांनी चित्र पाहिलं आणि एक शब्दही न बोलता मला मिठी मारली. त्यांचं नेहमीचं बोलणं बघता वेळ बराच वाचला.

आता आनंद झाला की तो पोटात ठेवावा, एवढी अक्कल मला असती तर ही कथा इथेच संपली असती. मी टेक्सासातल्याच प्लेनो गावी फोन लावला, पुरुषोत्तमकाकांना. काका तिथे टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीच्या कार्यक्रमाला सत्कारमूर्ती मिळत नाही म्हणून ते हवालदिल झालेले.

"काय सांगतोस! डिस्कव्हरी?" काका ओरडले. "अरे, मग तुझाच सत्कार! मी आत्ता सगळ्यांना फोन करून अनाउन्स करतो!"

"काका, अजून रिपीट करायचंय..."

"कर रे, रिपीट कर! इकडे मी शाल ऑर्डर करतो!"

ही अशी उतावळ्या नवऱ्याची बाशिंगं बांधून झाल्यावर मी प्रयोग पुन्हा केला. तेच उंदीर, तेच औषध, तोच रंग. पडद्यावर काय? काळोख! औषधवाली नळी आणि कंट्रोल, दोघी सख्ख्या बहिणींसारख्या सारख्या! मार्जने लेझर तपासला, पंप तपासला, मला तपासलं. काही चुकलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी शरयूबरोबर लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, बसलो होतो. यंत्रात कपडे गरगर फिरत होते, त्यांच्याबरोबर माझं डोकंही. शरयू शेजारी बसून माझा पांढरा कोट हातात धरून काहीतरी सांगत होती. मी मान हलवत होतो. मनात सत्काराची शाल परत निघाली होती.

एवढ्यात तिने दंडाला धरून हलवलं. "अहो, मी विचारतेय, या वेळी पूजा केली होतीत का?"

"शरयू, पूजेचा आणि पेशींचा काय संबंध?"

"मी कुठे म्हणतेय संबंध आहे? केली होती का, एवढंच विचारलं."

नव्हती केली! मी रात्रभर तळमळलो. शास्त्रीय वृत्ती उजव्या कुशीवर, कोयरी डाव्या कुशीवर. शेवटी शास्त्रानेच मला वाट दाखवली: जे पहिल्या वेळी केलं ते सगळं तंतोतंत करणं म्हणजेच तर रिपीट! मग हळदकुंकू का वगळायचं?

पुढच्या खेपेला बोट लावलं. हिरवा ढग हजर!

ज्या देवाला मी आजवर पुरावा मागत होतो, त्याने तो कंट्रोलसकट दिला होता! मी गुपचूप हात जोडले आणि वळलो, तर दारात पॅट्रिक. वरच्या मजल्यावरचा आयरिश वंशाचा, लालबुंद दाढीचा विद्यार्थी. वर्षभर त्याच्या पेशी चमकत नव्हत्या आणि वर्षभर तो मैत्रिणीला लग्नाचं विचारायला धजत नव्हता.

"टिम, ते पिवळं काय आहे?"

"काही नाही. आमच्याकडची पद्धत. यंत्राला शुभ असतं."

त्याने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या नळीला लावशील?"

आता हळदकुंकवाला नाही म्हणायची आपल्यात रीत आहे का? लावलं. वर त्याच्याही कपाळाला लावलं. "पण कंट्रोलला नको हं!" पॅट्रिकने बजावलं. "कंट्रोल शुद्ध पाहिजे!"

पॅट्रिकच्या पेशी अशा चमकल्या, की तो दाढीतून रडला. मग काय विचारता! एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने मजल्याला. तळघराच्या जिन्यावर रांग लागली. शास्त्रावर श्रद्धा असलेली ती सगळी मंडळी, कुणी कोरियाची, कुणी ओहायोची, हातात बर्फात खोचलेल्या नळ्या घेऊन माझ्यापुढे उभी राहायची आणि प्रत्येकजण न चुकता सांगायचा, "कंट्रोलला नको!" मार्जसुद्धा एकदा घुटमळली आणि म्हणाली, "या पंपालाही एक ठिपका दे. तू सुरू केल्यापासून तो कुरकुरलेला नाही."

ती आख्खी इमारत त्या दिवसांत स्वप्नात चालत होती, खरंच सांगतो. लोक जिन्यात एकमेकांना वाट द्यायचे. कुणी व्हरांड्यात शीळ घालायचं, कुणी खिडकीशी उभं राहून उगाच आभाळाकडे बघायचं. पिवळ्या कपाळाची ती माणसं निळ्या काळोखातून हसत बाहेर यायची आणि उन्हात हरवल्यासारखी उभी राहायची. सुख असं वाटता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तेवढ्या दिवसांत सांगलीला इतक्या वेळा जाऊन आलो, की शाळेपुढच्या रस्त्याला माझं नाव देऊन झालं. शरयू नर्सरीत जाऊन कढीपत्त्याच्या रोपाची चौकशी करून आली.

आणि डॉ. व्हिटकम आल्या.

बुटक्या, करड्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, तेव्हा त्यांचा हात माझ्या हळदीच्या अंगठ्याला लागला हे मला दिसलं. हॉलिस्टरसाहेबांनी सकाळीच माझ्याकडून कपाळाला बोट लावून घेतलं होतं, टीमची परंपरा म्हणून. मार्ज नवा कोट घालून उभी. आणि ऐन वेळी पुरुषोत्तमकाका हजर, शाल, नारळ आणि गळ्यात कॅमेरा घेऊन!

"काका, तुम्ही इथे?" मी पुटपुटलो.

"अरे, मंडळाच्या अंकाला फोटो नको? तू चालू दे. मी कोपऱ्यात उभा राहतो."

मी बोट लावलेली नळी लावली. काळोख झाला. ढग उगवला. डॉ. व्हिटकम पुढे झुकल्या, "ओह!" म्हणाल्या. हॉलिस्टरसाहेबांनी छाती फुगवली. मी नुकताच सांगलीची गाडी पकडत होतो, एवढ्यात कोपऱ्यातून काकांचा आवाज आला, "हिस्टॉरिक मोमेंट, आणि हा अंधार! फोटो कसा यायचा? लाइटचं बटण कुठाय रे?"

आणि त्यांनी चाचपडत एक बटण दाबलं.

ते खोलीच्या दिव्याचं नव्हतं. शेजारचं होतं. चमकता रंग कुठे सांडला तर तो शोधायला भिंतीवर एक जांभळ्या उजेडाचा दिवा बसवलेला असतो, त्याचं!

त्यानंतर जे दिसलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या जांभळ्या काळोखात सगळी खोली चमचमत होती. यंत्राच्या कपाळी पिवळसर हिरवा तारा. लेझरवर तारा. पंपावर तारा. दाराच्या मुठीवर, टेलिफोनवर, मार्जच्या खुर्चीच्या पाठीवर तारेच तारे. हॉलिस्टरसाहेबांच्या कपाळावर मधोमध एक झगझगीत ठिपका. डॉ. व्हिटकमच्या तळहातावर एक पुसट रेघ. माझा अंगठा तर काजव्यासारखा पेटलेला! आणि यंत्राला लावलेल्या नळीच्या तोंडाशी, थेट आतपर्यंत उतरलेला, तोच हिरवा ओघळ. शेजारी कंट्रोलची नळी मात्र काळीकुट्ट, कोरी, निष्पाप.

इतकं सुंदर दृश्य मी पाहिलेलं नाही. आणि ते पाहता पाहता माझ्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. पूजा नव्हे, हळद! बुचावरची हळद अंगठ्याला, अंगठ्याची नळीत, नळीतली पेशींना. हळद निळ्या किरणात चमकते आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे तिला मोजतं! माझी, पॅट्रिकची, त्या सगळ्या रांगेची स्वप्नं त्या कोयरीतून निघाली होती. फक्त धार चालू होती, टपटप.

"वा! डेकोरेशन फारच छान केलंय!" काका म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

डॉ. व्हिटकमनी आपला तळहात डोळ्यांजवळ नेला. "हा काय पदार्थ आहे?"

"हळद," मी म्हणालो. "पूजेला लावतो. आणि... भाजीत घालतो."

हॉलिस्टरसाहेब हळूच मार्जच्या खुर्चीत बसले. कपाळावरचा तारा खाली खाली गेला. मला शरयूचं तोंड दिसायला लागलं, खिडकीतली कोथिंबीर दिसायला लागली. संपलं, मी मनाशी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जांभळ्या उजेडात ते चमकलं नाही, एवढंच नशीब.

डॉ. व्हिटकम मात्र चष्मा पुसत होत्या. "हळद लागल्यावर या पेशी तुम्ही धुतल्यात का कधी?"

"नाही. का?"

"धुवा. सांडलेली भुकटी असेल, तर ती निघून जाईल. जा, धुऊन आणा."

मी त्या पेशी धुतल्या. पुन्हा लावल्या. ढग! पुन्हा धुतल्या. पुन्हा ढग, तसाच्या तसा!

"डॉ. हॉलिस्टर," त्या बाई म्हणाल्या, "तुमचा सिद्धान्त मेला. पण ही भुकटी पेशींना अशी घट्ट का धरून बसते, ते मला माहीत नाही. तुम्हांला माहीत आहे?" साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "मग या मुलाला ते शोधू दे." आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. मार्जने इशारा केला, लेझर हलतो!

तर राहिलो मी! इमारतीतल्या लोकांनी मात्र बरेच दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. पॅट्रिकने त्या पिवळ्या आठवड्यात मैत्रिणीला विचारून टाकलं होतं, आणि तिचं 'हो' काही कशाने रद्द झालं नाही. तो एकटा मला अजूनही दुवा देतो. मार्जने दारावर पाटी लावली: 'पूजा प्रयोगानंतर.' पंपावरचा ठिपका तिने पुसला नाही. मंडळाने माझा सत्कार रद्द केला आणि ऑर्डर केलेली शाल वाया जाऊ नये म्हणून काकांनी स्वतःचाच करून घेतला.

शरयूने कढीपत्ता लावला. तो खिडकीत मावेना, मग अंगणात गेला. काही वर्षांनी माझा प्रबंध पुरा झाला. टाइप होऊन आला, त्या दिवशी मी तो मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवला. तिने शेवटचं पान उघडलं.

"निष्कर्ष काय म्हणालात?"

"सोप्या भाषेत सांगायचं, तर हळद एकदा चिकटली की घट्ट चिकटते. कितीही धुतलं तरी जात नाही."

शरयूने प्रबंध मिटला. दारामागच्या खुंटीवर माझा जुना पांढरा कोट लोंबत होता, खिशावर पिवळा डाग घेऊन. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हे मी तुम्हांला त्या दिवशी लाँड्रोमॅटमध्ये सांगितलं होतं. कोट हातात धरून. तुम्ही चांगली मान हलवलीत!"

हलवली असेल. मी त्या वेळी सांगलीत होतो.